शेजारच्या सीटखालचं पाणी

उज्वला नेहमीसारखी माझ्या गाडीत पुढं बसली, नेहमीसारखी चप्पल काढली, आणि तिचा तळपाय मॅटवर टेकला तसा पचक्कन आवाज झाला. तिनं पाय वर उचलला, बोटं फाकवली, तळव्याकडं बघितलं. मग माझ्याकडं न बघता, समोरच्या काचेतून रस्त्याकडं बघत म्हणाली, "मॅडम, वास कसला येतोय हो? चामडं भिजल्यावर येतो तसला." मागच्या सीटवर विरूपाक्षअप्पा होते. त्यांनी आपल्या बाजूची काच अर्धी खाली केली आणि तोंड बाहेरच्या वाऱ्याला लावलं. झालं ते एवढंच. लातूरच्या नांदेड नाक्यापासून आमच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता रोजचाच, दोन्हीकडचं सोयाबीन रोजचंच, खड्डे तर नावानं ओळखीचे. पण त्या दिवशी निम्मा रस्ता मी तिसऱ्या गिअरमध्येच काढला आणि इंजिन बोंबलत होतं ते मला ऐकूसुद्धा आलं नाही.

चामडं. हा शब्द तिला कुठून सुचला? कुबट येतो म्हणाली असती, ओल्या गोणपाटाचा येतो म्हणाली असती, मेलेल्या उंदराचा येतो म्हणाली असती तरी मी हसले असते, मॅट झटकली असती. वासाला मराठीत शब्दांचा काय दुष्काळ आहे? तिनं तो शोधून काढला की तो तिच्या जिभेवर आधीपासून तयारच होता, हे कळेना, आणि कळेना म्हणून माझं डोकं फिरलं. मी बुद्धप्रिया सोनकांबळे, जनावरांची डॉक्टर, शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावच्या दवाखान्याची प्रमुख. उज्वला माझ्या हाताखाली पर्यवेक्षक. अप्पा मलमपट्टी बघतात. दिवसभर आम्ही तिघंही त्याच शेणात, त्याच पुवात, म्हशीच्या अडकलेल्या वारेत कोपरापर्यंत हात घालून असतो. संध्याकाळी तिघांच्या अंगाला एकच वास येतो, फिनाइलचा आणि जनावराचा. मग माझ्याच गाडीला वेगळा कसा येईल? माझा आजा कंधारजवळच्या गावात मेलेली ढोरं ओढायचा. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यानं दोर जाळला आणि उपाशी मरू पण ओढणार नाही म्हणाला. गावानं ढोरं पांदीत तशीच पडू दिली. ती कुजली, फुगली, वास गावभर सुटला, तेव्हा कुठं गावाला कळलं की वास कशाला म्हणतात. त्याची नात डॉक्टर झाली आणि आता विम्याच्या कामासाठी मेलेल्या म्हशीशेजारी उकिडवी बसून तिचं पोट फाडते. गावकरी खुर्ची आणतात, चहा आणतात, मॅडम म्हणतात. ह्या गोष्टीवर मी एकटीच कितीदा तरी हसलेय. त्या दिवशी हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून दोघंही एसटीनं यायला लागले. उज्वला म्हणाली, "तुम्हाला उगं नाक्यावर थांबावं लागतं, मॅडम." अप्पा म्हणाले, "पासच काढलो म्या. महिन्याचा सवलतीचा हाय, वाया कशाला घालू." दोघंही खोटं इतकं नीट बोलत होते की मला त्यांच्यावर धड चिडताही येईना. पावसाचे दिवस. गळक्या बसमध्ये छत्री उघडून बसतील, ओल्या बाकावर अर्ध्या ढुंगणानं टेकतील, पण माझ्या गाडीत नाही. मी रिकामी गाडी घेऊन बसच्या मागून यायचे आणि मागच्या काचेत उज्वलाचा अंबाडा दिसायचा. कधी कधी ओव्हरटेक करायचं धाडस व्हायचं नाही, आणि ते धाडस होत नाही म्हणून स्वतःचाच संताप यायचा. एका बाईच्या अंबाड्याला भिऊन मी डिझेलचा धूर खातेय.

मला एकच हवं होतं. तो वास पाण्याचाच आहे, दुसऱ्या कशाचा नाही, हे डोळ्यांनी बघायचं होतं. गाडीत कुठून तरी पाणी येतंय, गालिच्याखालचा फोम पितोय, पिऊन कुजतोय, म्हणून वास. पाणी थांबलं की वास थांबेल. वास थांबला की ती दोघं पुन्हा येऊन बसतील. आणि वास थांबूनही नाही बसली तर? तिथवर आले की मी विचार सोडून द्यायचे. गाडी गळते आहे तोवर निदान गाडीला शिव्या देता येत होत्या. कधी कधी तर वाटायचं, गळू दे. दुरुस्त केली की मग दोष द्यायला माणसंच उरतील.

तरी गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्यानं वाकूनसुद्धा बघितलं नाही. "एसीचं पाणी हाय, मॅडम. लेडीज लोक एसी लई लावतात." मी म्हटलं, एसीच्या पाण्याला वास नसतो, आणि ते एसी लावल्यावर येतं, माझ्या गाडीत पाणी येतं ते पावसात, गाडी नुसती उभी असताना. तो हसला. समोरच्या काचेच्या कडेनं बोटभर सिलिकॉन फासलं, जास्तीचं पँटला पुसलं आणि म्हणाला, "आता समुद्रात घाला." पुढच्याच पावसानंतर मॅटखाली पुन्हा तळं. त्याला शिव्या घालायला जायचा मी विचार केला आणि मग थांबले. आपण काय करतो? जनावर बोलत नाही. दुखतं कुठं ते सांगत नाही. पुढच्या पायानं लंगडतं आणि दुखणं असतं खांद्यात. लंगड्या पायाला मलम लावणारा डॉक्टर आणि काचेला सिलिकॉन फासणारा गॅरेजवाला ह्यांच्यात फरक काय? पाणी जिथं दिसतं तिथून ते आत येत नसतं. वरून कुठून तरी शिरतं, पत्र्याच्या आडून, वायरीच्या अंगानं सरकत येतं, आणि सगळ्यात खालच्या जागी येऊन उभं राहतं. मग सगळे त्या खालच्या जागेला नाक मुरडतात.

रविवारी बाबा कंधारहून आले होते. मी त्यांना चहा झाल्या झाल्या खाली घेऊन गेले. आमच्या अपार्टमेंटच्या आवारात गाडी उन्हात काढली. मॅट काढली, दाराच्या उंबऱ्यावरची पट्टी उचकटली, गालिचा उलटा दुमडला. त्याच्याखालचा फोम पिळला तर चहाच्या रंगाचं पाणी गळालं. बाबांनी नाक धरलं नाही. हे मी बघितलं. ते नुसते म्हणाले, "लई प्यालंय ग माय हे." खालचा पत्रा मी फडक्यानं कोरडा केला आणि त्यावर टाल्कम पावडर भुरभुरली, म्हणजे एक थेंब जरी आला तरी त्याची वाट उमटावी. मग आत बसून सगळी दारं, काचा बंद करायच्या, बाहेरून दुसऱ्यानं पाणी ओतायचं. खालून वर जायचं. एका वेळी एकच जागा. आधी दार, मग काचेची कड, मग टप. घाई केली की सगळंच ओलं होतं आणि कळत काहीच नाही. पाइप लावायचा प्रश्नच नव्हता. हे लातूर. एका उन्हाळ्यात ह्या गावाला रेल्वेनं पाणी आणून पाजलंय, आणि अजूनही नळ कधी येईल ते देवाला माहीत, म्हणजे ज्यांना देव आहे त्यांच्या. अशा गावात माझ्या गाडीत मात्र पाणी कायम मुक्कामाला. म्हणून कपडे खळबळलेल्या पाण्याची बादली आणि घरातला पितळी तांब्या.

पहिल्या मजल्यावरून पंचफुलाबाई वाकल्या. त्यांचं अर्धं आयुष्य त्या कठड्यावरच जातं. "काय ओ बाबा, गाडीला न्हाऊ घालून राहिलात का? इथं माणसाला प्यायला न्हाई."

बाबांनी तांब्या वर करून दाखवला. "बिमार हाय ताई गाडी. डाक्टरीण आत बसून तपासून राहिली. म्या निस्ता कंपाउंडर."

बाई हसल्या. बाबांना हे जमतं. जिथं जातील तिथं लोकांना हसवून टाकतात, आणि माझा सगळा जन्म त्या हसवण्यावर चिडण्यात चाललाय. मी दार लावून घेतलं. ड्रायव्हरच्या सीटवरून आडवी होऊन डोकं डॅशबोर्डच्या डाव्या खणाखाली घातलं, मोबाइलचा उजेड पत्र्यावर धरला, आणि काचेवर टकटक केलं.

बंद गाडीत आवाज आधी मरतात. पंचफुलाबाई गेल्या, रस्ता गेला, कुकरच्या शिट्ट्या गेल्या. मग दारावर पाणी पडायला लागलं आणि ते माझ्या कानाच्या इतक्या जवळ होतं की गाल आपोआप आकसला. उन्हानं पत्रा तापलेला, आत कोंडलेली वाफ, आणि तो वास. मी पहिल्यांदा त्याच्याकडं नीट लक्ष दिलं. इतके दिवस मी तो टाळत होते, काचा उघड्या ठेवून, श्वास वरच्यावर घेऊन, त्याच्यावर कसलंसं लिंबाच्या वासाचं फवारून. आता नाक त्यातच खुपसलं होतं. चामडं? चामड्याचा वास मला माहीत आहे. सोललेल्या कातड्याला गोडसर, मिठाचा, चरबीचा वास असतो. हा तसला नव्हता. हा पालापाचोळ्याचा होता. साचलेल्या कुंडीचा. त्यात काहीतरी खवट, तेलकट होतं, ते मात्र ओळखू येईना. पावडर कोरडीच होती. मी टकटक केलं. बाबांनी तांब्या भरला आणि मागच्या दाराकडं सरकले.

काचेतून मला त्यांचा फक्त हात दिसत होता. कोपरापासून खाली. तांब्या तिरका होई, पाण्याची धार लागे, काच वितळल्यासारखी हले आणि हात लांबट, पाण्यातल्यासारखा दिसे. आणि मग मला दिसलं की ते तांब्या काचेला टेकवत नव्हते. टेकवला असता तर धार नीट कडेला लागली असती, हात दुखला नसता. पण नाही. वीतभर अंतर ठेवून, मनगट किंचित बाहेर वळवून, वरून. हे मनगट मी ओळखते. बाबा कंधार डेपोत कंडक्टर होते. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर देगलूरच्या गाडीला जायचे, ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसायचे. पावसाळ्यात टपाच्या जोडातून पाणी गळायचं आणि बाबा ओरडायचे, "छत्र्या उघडा मंडळी, बस बी सरकारची, पाऊस बी सरकारचा." सगळी बस हसायची. एकदा एक फेटेवाला चढला, गावातलाच, ओळखीचा. बाबांनी तिकीट फाडून पुढं केलं तर त्यानं हात पुढं केला नाही. "ठेव तिथं," म्हणाला, आणि बाकाकडं हनुवटी केली. शिवी नाही, राग नाही, मीठ दे म्हणावं तसं. बाबांनी मनगट वळवलं आणि वीतभर वरून तिकीट बाकावर सोडलं. बाक ओलं होतं. तिकीट चिकटून बसलं. त्या माणसाला ते नखानं उचलावं लागलं आणि बाबा म्हणाले, "बघा पाटील, तिकिटाला बी सोडवंना तुमचा बाक." पुन्हा सगळी बस हसली. फेटेवालाही हसला, बाबाही हसले. मी हसले नाही. मी सातवीत होते आणि मला वाटलं, हा माणूस हसला नसता तर मी ह्याला सगळं माफ केलं असतं. बाबांना म्हणतेय मी, फेटेवाल्याला नव्हे.

मी काचेवर मूठ मारली. "टेकवा की तांब्या. काचेला टेकवून ओता."

बाहेरून त्यांचं तोंड काचेजवळ आलं. ओठ हलले. काही ऐकू आलं नाही. मी पुन्हा ओरडले, टेकवा. त्यांनी कान हातानं दाखवला, मान हलवली, हसले, आणि पुन्हा वीतभर वरून धार धरली. मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते गालिच्यावर पडू नये म्हणून मी बाहीनं पुसलं. नाहीतर तेच माझ्या पावडरीवर उमटलं असतं आणि मी तेच पाणी शोधत बसले असते. टपावर ओतून झालं. मागचा दिवा झाला. सिलिकॉन फासलेली काच झाली. पावडर पांढरीफटक. म्हणजे दार नाही, टप नाही, काच नाही. एकेक कारण मरत चाललं तशी माझी भीती वाढायला लागली. पाणी सापडलंच नाही तर? सगळीकडं ओतलं आणि पावडर कोरडीच राहिली तर मग तो वास कशाचा म्हणायचा? दवाखान्याची जीप आठवली. तिच्यात मागं शेणानं माखलेले गमबूट असतात, एकदा तर पोस्टमॉर्टेमची आतडी सांडली होती, आणि त्याच जीपमध्ये उज्वला डबा उघडून चटणीभाकरी खाते, पाय सीटवर घेऊन. माझ्या गाडीत मात्र ती बसताना पर्समधून एक गुलाबी नॅपकिन काढते आणि सीटवर अंथरते. कडेला टाक्यांची नक्षी आहे. पहिल्या दिवसापासून, थंडीत, पाण्याचा थेंब नव्हता तेव्हापासून. मला वाटायचं साडीला जपते. मी तो विचार तिथंच सोडला आणि दार उघडून बाहेर आले. वारा अंगाला लागला तसं कळलं की मी चिंब घामेजलेय.

"झालं?" बाबा म्हणाले. "कुटं हाय?"

"नाही अजून." मी घरात गेले आणि माझ्या कामाच्या बॅगेतून पोटॅशची पुडी आणली. जनावरांच्या जखमा धुतो ते लाल औषध. चिमूटभर टाकलं की बादली जांभळी होते. पाण्याची ओळख पटवायची तर त्याला रंग द्यावा लागतो. बाबांनी बादलीत बघितलं आणि म्हणाले, "हे काय, गाडीला नीळ घालायची का?" मी हसले नाही. बोनेटच्या मागं, वायपर असतात तिथं, काळी प्लॅस्टिकची जाळी असते. काचेवरचं पाणी तिच्यातून खालच्या पन्हाळीत पडतं आणि कोपऱ्यातल्या भोकानं चाकाजवळ जमिनीवर जातं. निदान जायला पाहिजे. "इथं ओता," मी म्हटलं. "फक्त इथं. आणि तांब्या टेकवून."

"आगं, खरवडंल ना गाडी."

"खरवडू द्या."

मी पुन्हा आत शिरले. दार लावलं. खणाखाली तोंड. बाहेर पाणी पडल्याचा आवाज ह्या वेळी वेगळा आला, बद्द, भरलेल्या भांड्यात ओतावं तसा. पहिला तांब्या. काही नाही. दुसरा. मी चाकाकडचा आवाज ऐकत होते, तिथं पाणी जमिनीवर पडायला पाहिजे होतं, ते पडत नव्हतं. तिसऱ्याला एसीच्या पंख्याच्या डब्याच्या कडेला काहीतरी चमकलं, फुगलं, लोंबलं. मी तळहात पुढं केला. थेंब पडला. जांभळा. मग दुसरा, मग त्यांची धार लागली आणि पांढऱ्या पावडरीवर जांभळी वाट सरळ उतरत सीटखाली गेली. मी तळहात बघत राहिले. बाहेर बाबा ओततच होते. मला त्यांना थांबवायचं सुचत नव्हतं. पाणी आहे. पाणीच आहे. माझ्या छातीत इतके दिवस कुणीतरी आवळून धरलेला दोर ढिला झाला आणि मी त्या घाणेरड्या पत्र्यावर डोकं टेकून मोठ्यानं श्वास घेतला, तोच वास भरभरून.

वायपर काढले, जाळीचे चाप उचकटले, जाळी उचलली. पन्हाळ काठोकाठ जांभळ्या पाण्यानं भरलेली आणि कोपऱ्यातल्या भोकावर एक लगदा बसलेला. मी दोन बोटांनी ओढला तर तो दोऱ्यासकट आला. लांबच लांब. झेंडूची माळ. काळी पडलेली, कुजून साबुदाण्यासारखी झालेली, तिच्यात खोबऱ्याचा तुकडा, तेलवात, हळदीचं ढेकूळ. खवट वास तो खोबऱ्याचा. आणि त्या सगळ्या चिखलात, जाळीतून येणाऱ्या उजेडाकडं मान वळवून, झेंडूची पाचसहा रोपं उगवलेली. पांढुरकी, काडीसारखी, पण जिवंत. मी माळ हातात धरून उभी राहिले आणि मला सगळं एकदम दिसलं. खंडेनवमी. दवाखान्यात दरवर्षी सगळ्या अवजारांची पूजा होते. मायक्रोस्कोपला गंध, फ्रिजला हार, वीर्यकांड्या ठेवतो त्या नायट्रोजनच्या टाकीलासुद्धा हळदीकुंकू. मी असलं काही करत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मी बाजूला फाइल बघत उभी होते तर उज्वला माळ घेऊन माझ्या गाडीकडं निघाली. "तुमची तेवढी मोकळी बरी दिसत नाही, मॅडम. नारळ माझ्याकडून." नको म्हटलं असतं तर मॅडमला माज आलाय झालं असतं. पुढं माळ वाळून झडायला लागली तेव्हा मी म्हटलं काढून टाका. अप्पांनी जीभ चावली. "निर्माल्य उकिरड्यावर टाकत नसतात, मॅडम. वाहत्या पाण्यात सोडतात." नदीपर्यंत कोण जाणार? मग त्यांनीच बोनेट उघडलं, पूजेच्या खोबऱ्या-वातीसकट माळ नीट गुंडाळली, आणि ह्या पन्हाळीत ठेवून दिली. "पाऊस पडला की हितून पाणी वाहतं. आपोआप विसर्जन होतंय." स्वतःच्या हुशारीवर ते खूश होऊन हसले होते.

मी सांगितलं ते बाबांनी सगळं ऐकून घेतलं. तांब्या खाली ठेवला. मी म्हटलं, "चामड्याचा वास येतो म्हणाली ती. तिच्या झेंडूचा होता बाबा तो. तिच्या खोबऱ्याचा. तिनं घातला, अप्पांनी कोंबला, आणि नाक माझ्या गाडीकडं बघून दाबलं."

बाबा खाली बसले होते, चाकाच्या आडोशाला, सावलीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "चला," ते म्हणाले, अगदी हळू, स्वतःशी बोलल्यासारखं. "आपला न्हाई निघाला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनाही वाटलं होतं. एसटीतल्या सगळ्या नोकरीत, हसवलेल्या सगळ्या बसेसमध्ये, ह्या माणसाला आतून वाटतच होतं की असेल, आपलाच असेल. आणि मी? तोंड खणाखाली घालून आडवी पडले होते तेव्हा वाढत होती ती भीती कशाची होती? डिग्री भिंतीवर, पाटी दारावर, सहीचा शिक्का पर्समध्ये, आणि एका पचक्कन आवाजानं मी आपल्याच अंगाचा वास शोधत बसले होते. मला उज्वलावर आला नव्हता इतका राग त्या वेळी आला, कुणावर ते सांगता येणार नाही, बाबांवर, माझ्यावर, ज्यांनी हे आमच्या हाडात ओतलं त्या सगळ्यांवर, वीतभर वरून. मी बादली उचलली आणि उरलेलं सगळं पाणी पन्हाळीत ओतलं. ते चाकाजवळ भडभडून जमिनीवर पडलं. आवारात जांभळा ओहोळ गेटपर्यंत गेला.

"अरारा," वरून पंचफुलाबाई म्हणाल्या. "रगत गेलं का काय गाडीचं?"

"न्हाई ताई," बाबा म्हणाले. "पू निघाला." आणि ह्या वेळी मात्र मला हसू आलं, ते मी दाबलं नाही.

फोम आणि गालिचा गच्चीवर वाळत घातला. पाऊस आला की काढायचा, ऊन पडलं की घालायचा. तोवर नुसत्या पत्र्यावर पाय ठेवून गाडी चालवली. रोपं मी फेकली नाहीत. त्यांचा काही गुन्हा नव्हता. बाबांनी ती फुटक्या डब्यात लावली आणि जाताना कंधारला घेऊन गेले. सगळं कडकडीत वाळलं, बसवलं, पुन्हा एक मोठा पाऊस पडू दिला, मॅटखाली हात घालून बघितलं. कोरडं. नाक घालून बघितलं. काही नाही. नवं काही नाही, जुनं काही नाही, नुसती गाडी. मग मी उज्वलाला फोन केला. गाडी नीट झाली, उद्या नाक्यावर थांबा, अप्पांनाही सांगा.

सकाळी दोघंही थांबलेले होते. बस लागायची त्याच ठिकाणी, त्यामुळं मला बसच्या पुढं गाडी लावावी लागली. अप्पा मागं बसले. उज्वलानं पुढचं दार उघडलं आणि बसण्याआधी वाकली, मान आत घातली आणि श्वास घेतला. लपूनछपून नाही, खरबूज हुंगावं तसा. "अय्या, खरंच गेला की वास. काय होतं हो?"

"तुमची माळ होती. खंडेनवमीची. भोकात अडकलेली."

"बाई ग." ती मोकळेपणानं हसली. "अप्पा, ऐकलं का, तुमचं विसर्जन मॅडमच्या पायात झालं."

"म्या तर चांगल्यासाठीच ठेवलो होतो," अप्पा मागून म्हणाले. तेही हसत होते. त्यात कपट नव्हतं. नारळ तिनं स्वतःहून आणला होता, माळ तिनं स्वतः ओवली होती, हे मला माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच जास्त जड जात होतं. मीही हसले. झालं, संपलं, मी मनात म्हटलं. पाणीच होतं. मी पहिला गिअर टाकला.

उज्वलानं पर्स उघडली. गुलाबी नॅपकिन काढला, झटकला, सीटवर अंथरला, कोपरे सारखे केले, आणि बसली. त्या दिवशी ती ड्रेसवर होती. साडी नव्हती.

मी गिअर काढला. "उज्वलाताई, नॅपकिन उचला."

"अं?"

"सगळं कोरडं आहे. वास नाही. तुम्हीच म्हणालात."

"सवय आहे हो, मॅडम."

"जीपमध्ये नसते ही सवय."

ती माझ्याकडं बघायला लागली. ती पहिल्यांदाच इतका वेळ बघत होती, आणि तिच्या तोंडावरचं हसू जायलाही तयार नव्हतं, राहायलाही. तिला खरंच माहीत नसावं असं मला एक क्षण वाटलं. हात आपोआप पर्सकडं जातो, एवढंच. कुठून आलं ते तिनं कधी बघितलंच नसेल. मागं बस भरली होती. ड्रायव्हरनं हॉर्न दिला.

"जाऊ द्या की मॅडम," अप्पा म्हणाले. "एवढ्याशा कापडाचं काय. उशीर होऊन राहिला."

जाऊ द्या. मी इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि मांडीवर ठेवली. "तो उचलेपर्यंत गाडी हलणार नाही," मी म्हटलं. आवाज चढवला नाही. चढवायची गरज वाटली नाही. बसनं पुन्हा हॉर्न दिला, लांबलचक, मग रिक्षावाल्यांनीही सुरू केलं. उज्वलाचा हात मांडीशेजारी नॅपकिनच्या कडेवर होता, नक्षीच्या टाक्यांवर. बोटं हलत नव्हती. आरशात बसचा कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबून, काय झालं म्हणून आमच्या गाडीकडं बघत होता. मी त्याच्याकडं बघितलं. मला अजिबात घाई नव्हती.